करोल बागेतली साक्ष

गाडीचा डावा आरसा एका मोटारसायकलवाल्याने जाता जाता उडवला, म्हणून परवा करोल बागेत जावं लागलं. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत गाडीच्या सुट्या भागांचा विषय निघाला की सगळे एका सुरात करोल बाग म्हणतात. दुकानदाराने तुटका आरसा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "टाइम लगेगा मॅडम, आप तब तक घूम आइए." त्या बिचाऱ्याला काय माहीत, की करोल बागेत मला फिरता येतच नाही. तिथे गेलं की मी पुन्हा शाळकरी पोर होते आणि पाय मला न विचारता आमच्या गल्लीकडे वळतात.

घर अजून उभं आहे. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, वर कपड्यांचं गोदाम, त्याच्या वर आणखी कसलं तरी गोदाम. सगळ्यात वर आमची बरसाती. गच्चीवरच्या एकट्या खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. आमची खोली एवढीशी आणि गच्ची ऐसपैस होती. पप्पा सरकारी नोकरीत होते आणि आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. मी त्याच शाळेत, त्यामुळे घरी आई आणि शाळेत बाई अशी एकच व्यक्ती माझ्यामागे दिवसभर असे. हे सुख नव्हे, हे मी शपथेवर सांगते.

पण हिवाळ्यातली ती गच्ची. दुपारचं ऊन खाली फरशीवर पसरलेलं, त्यात सतरंजी, सतरंजीवर मटारांचा ढीग. सोलताना निम्मे दाणे माझ्या तोंडात जायचे आणि आई न बघताच म्हणायची, "भाजीला ठेव काही." लोकरीचा उबट वास, संत्र्याच्या सालींचा वास, खालून येणारा भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि तीळगुळाच्या गजकचा वास. कोपऱ्यावर सप्तपर्णीचं झाड होतं. थंडीच्या तोंडावर ते फुललं की सगळी गल्ली त्या गोड, जड वासाने भरून जायची. पप्पांचं डोकं दुखायचं, आईला तो वास फार आवडायचा. दरवर्षी त्यावरून दोघांचं एक ठरलेलं भांडण व्हायचं.

आम्ही ख्रिस्ती. दिल्लीत मराठी माणसं मूठभर, त्यात ख्रिस्ती चिमूटभर. रविवारी सगळे हिंदी चर्चमध्ये जायचो. पण शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी मराठीत प्रार्थनासभा व्हायची. देवाला हिंदी कळत नाही असं नाही. पण आमच्या लोकांना हिंदीत धड रडता यायचं नाही. म्हणून शनिवार मराठीचा. चटया, तान्ही मुलं, चपलांचा ढीग, चहाबरोबर चिवडा, आणि मधोमध पेटी.

ही पेटी म्हणजे सगळ्यांची मिळून एक. आधीच्या पिढीतल्या कोणी तरी ती नगरकडून रेल्वेने आणली होती. काळा रंग, एका बाजूची कडी तुटलेली, भात्याला ठिगळ. तिच्यासाठी आईने जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं होतं, निळ्या फुलांचं. ती कोणाच्या मालकीची नव्हती, त्यामुळे ती घरोघर मुक्कामाला जायची. ज्या घरी पेटी, त्या घरी पुढची सभा. पेटी येणार म्हटलं की आई जाजम झटकायची, पप्पा पाहुण्यासारखी तिला खाटेवर जागा करून द्यायचे.

पेटी एका घरून दुसऱ्या घरी जायची तीही रीतसर. देणारा आणि घेणारा बस स्टॉपवर भेटायचे. तिथेच उभे राहून, डोळे मिटून, पेटी जाणार त्या घरासाठी प्रार्थना करायचे, मग हात मिळवून आपापल्या वाटेला लागायचे. पहाडगंजच्या बाजूचे शांतवनकाका सगळ्यांत वडील. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, कानटोपी घालणारे. त्यांची प्रार्थना देशाच्या पंतप्रधानांपासून सुरू होऊन सीमेवरचे जवान, परीक्षेला बसलेली मुलं असं करत दूधवाल्यापर्यंत यायची. आणि एक नियम त्यांचाच होता, जो सगळे पाळायचे. ज्या गोष्टीसाठी प्रार्थना झाली, तिच्यावर पुन्हा बोलायचं नाही. काका म्हणायचे, "आमेन म्हटलं, की फाईल देवाच्या टेबलावर गेली. आता त्याच्या मागे लागलात, तर तुमचा साहेबावर भरवसा नाही असं होतं." सरकारी नोकरांच्या मंडळीला हे लगेच पटायचं.

एका वर्षी सणांच्या तोंडावर शहरातल्या बाजारांमध्ये स्फोट झाले. कोणी केले, कशासाठी केले, ते वर्तमानपत्रांनी लिहिलं. मला आठवतो तो सप्तपर्णीचा वास आणि जिना चढून आलेली आई.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाचणार होते. त्यासाठी आई बांगड्या आणायला गेली होती. फुटपाथवर एक बांगडीवाली बसायची, तिच्याकडूनच आई नेहमी घ्यायची. तिने बांगड्या काढल्या आणि म्हणाली, "दीदी, बिटिया को साथ लातीं. हाथ का नाप देखे बिना कैसे दूँ?" आई म्हणाली, "सामने से बटन ले लूँ, अभी आती हूँ." आई रस्ता ओलांडून बटणांच्या दुकानात शिरली. मग तो आवाज झाला.

आई घरी आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. केस धुळीने पांढरे झाले होते. मुठीत बटणांची पुडी होती आणि ती पुडी सोडवायला पप्पांना तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. तिला कुठेही खरचटलंसुद्धा नव्हतं. पप्पा भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभो, तुझे आभार." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते तसेच उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेले. बांगडीवाली जागच्या जागी गेली होती, हे आईनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर कित्येक दिवस ती त्यावर बोलली नाही.

त्या दिवसापासून आमचं घर मिटलं. आईने रजा टाकली. मलाही शाळेत पाठवेना. खिडक्यांच्या कड्या लागल्या, गच्चीवरची सतरंजी आत आली. दार वाजलं की ती आधी मला मागे ओढायची आणि मग विचारायची, कोण. पप्पा ऑफिसला जात, कारण जाणं भाग होतं. ते परत येईपर्यंत ती जिन्याशी कान लावून बसायची. सगळ्यात वाईट म्हणजे तिचं गाणं थांबलं. सभेत आईच सूर धरायची, बाकीचे तिच्या मागे फरफटत यायचे. घरी भांडी घासतानाही ती गुणगुणायची. आता भांड्यांचा नुसताच आवाज यायचा. मी लहान होते, पण घरातलं काय गेलंय हे मला कळत होतं, आणि ते परत येईल की नाही या काळजीने मला झोप लागत नसे.

आमच्या सभेत एक पद्धत आहे. कोणी मोठ्या संकटातून सुटलं, तर त्याने सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. देवाने मला कसं राखलं, ते सांगायचं. आजारातून उठलेले देतात, अपघातातून वाचलेले देतात. शांतवनकाका भेटायला आले तेव्हा त्यांच्या मनात तेच होतं. चहाचा कप खाली ठेवून ते फार मायेने म्हणाले, "शालिनी, बाळ, नाताळची सभा तुमच्याच गच्चीवर असते. त्या दिवशी तू साक्ष दे. लोक घाबरलेत. सभेला येईनासे झालेत. तुझ्या तोंडून ऐकलं, तर त्यांना धीर येईल."

"काय सांगू, काका?"

"हेच, की देवाने तुला राखलं."

"आणि तिला?"

आई शांतपणेच बोलत होती. "मी उभी राहून म्हणायचं, देवाने मला वाचवलं. सगळे म्हणणार आमेन. म्हणजे तिला नाही वाचवलं, असंच ना? मी रोज प्रार्थना करून बाहेर पडते, म्हणून मला राखलं. मग ती काय करत नसेल? माझ्या साक्षीत तिला मी कुठे बसवू?"

"देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत, बाळ."

"मग कळल्यासारखं उभं तरी कशाला राहायचं? माझ्याच्याने नाही होणार. आणि सभासुद्धा इथे नको. कोणाला काही झालं वाटेत, तर? पेटी पाठवू नका."

काका उठले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता, उगाच आईला दुखवलं म्हणून. आता वाटतं, त्या म्हाताऱ्या माणसालाही तोच प्रश्न पडला असणार, फक्त त्याला कोणी विचारायचं धाडस केलं नव्हतं.

नाताळ जवळ आला. खालच्या गल्लीत दुकानांवर दिव्यांच्या माळा चढल्या, पण गर्दी नव्हती. जिकडे तिकडे एकच फलक आणि एकच घोषणा, लावारिस वस्तूला हात लावू नका. कोणी पिशवी खाली ठेवली तरी लोक तिच्याकडे वळून बघायचे. दर वर्षी या दिवसांत आमच्याकडे करंज्या व्हायच्या. खोबऱ्याचा, वेलदोड्याचा, तुपाचा वास खालच्या मजल्यावरच्या सरदारजींच्या घरापर्यंत जायचा आणि त्यांची बायको जिन्यातून विचारायची, "बहनजी, साडा हिस्सा?" म्हणजे आमचा वाटा कुठे. त्या वर्षी खोबरं आणलंच नाही.

आणि मग ती दुपार आली. पप्पा काकांना स्टॉपवर भेटायला गेले. पेटी या वेळी आमच्याकडे नको, हे समक्ष सांगावं, म्हणून. काका तर पेटी घेऊनच आले होते. त्यांना वाटलं होतं, शालिनीचं मन एव्हाना वळलं असेल. पेटी स्टॉपच्या बाकावर ठेवून दोघं थोडं बोलले. मग काका म्हणाले, "मनोहर, आपण वाद नको घालूया. प्रार्थना करू." दोघांनी डोळे मिटले. काकांनी या शहरावर राखण मागितली, प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक बाजारात राखण मागितली. एवढ्या तळमळीने ते कधी बोलले नव्हते, असं पप्पा पुढे सांगायचे. आमेन झालं. डोळे उघडले तर काकांची बस समोर. हात मिळवून काका बसमध्ये चढले, पप्पा गल्लीत वळले. फाईल देवाच्या टेबलावर गेली होती; आता पेटीचं काय, हा विषय काढणं म्हणजे अविश्वास. काकांना वाटलं, आता पेटी मनोहर घरी नेणार. पप्पांना वाटलं, काका समजले, ते पेटी परत नेणार. नियम दोघांनी तंतोतंत पाळला आणि पेटी बाकावर राहिली.

पप्पा घरी येऊन चहा पीत होते. खालून आरडाओरडा ऐकू आला. शटरं धडाधड पडायला लागली. सरदारजींचा मुलगा जिना चढत ओरडत आला, "आंटी, नीचे मत आना. स्टॉप पे बम है. काला बक्सा है, ऊपर नीले फूलोंवाला कपड़ा."

आईने पप्पांकडे पाहिलं. "पेटी कुठे आहे?"

"काकांनी नेली."

"नेली? तुम्ही पाहिलंत?"

पप्पांनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर. ते तसेच, पायात स्लिपर, जिना उतरत पळाले. आई आणि मी गच्चीच्या कठड्याशी गेलो. कित्येक आठवड्यांत आई पहिल्यांदा कठड्याशी उभी राहिली होती. स्टॉप तिथून स्वच्छ दिसायचा. एवढा वाहता रस्ता, पण दोन्ही बाजूंनी दोर बांधून पोलिसांनी तो रिकामा केला होता. मधोमध बाकावर आमची पेटी. पप्पा दोराशी हातवारे करत होते आणि एक पोलीस त्यांना मागे ढकलत होता. पप्पा मुळात कमी बोलणारे, त्यात हिंदीत गडबडले की पार मुके व्हायचे. गर्दीतून कोणी तरी ओरडत होतं, उडवून द्या, उडवून द्या.

आई पेटीकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मग ती आत गेली, खाटेखालून चपला काढल्या आणि पदर खोचला.

"तू इथेच थांब," ती मला म्हणाली.

मी थांबले नाही. तिच्या मागे मागे उतरले आणि सरदारजींच्या बायकोने मला दाराशी धरून ठेवलं. तिथूनही सगळं दिसत होतं. आई दोराशी गेली आणि इन्स्पेक्टरला म्हणाली, "साहब, वो हमारा बाजा है. उसे उड़ाइए मत."

"पक्का आपका है?"

"कपड़ा मेरे हाथ का सिला है."

"कपड़ा आपका होगा. बीच में किसी ने अंदर कुछ रख दिया हो तो? गारंटी देंगी आप?"

"नहीं," ती म्हणाली. "गारंटी नहीं दे सकती. लेकिन मैं यहीं खड़ी हूँ. पहले देख लीजिए."

त्याने तिला मागे सरकायला सांगितलं. ती त्याने सांगितलं तेवढीच सरकली, त्याहून मागे गेली नाही. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर, गल्ल्यांच्या तोंडाशी जाऊन दबकून बसले होते. आई सगळ्यांच्या पुढे उभी होती. तीच बाई, जी दार वाजलं तरी दचकत होती.

बॉम्बशोधक पथक आलं. कुत्र्याने पेटी हुंगली, बाकाभोवती फिरला आणि कंटाळून निघून गेला. मग जाड पोशाखातला एक माणूस हळूहळू पुढे गेला, कव्हरला आकडा अडकवला आणि लांबून दोर ओढला. कव्हर निघालं, पण त्याच्याबरोबर पेटीही बाकावरून कलंडली. भाता उघडला. आणि त्या निःशब्द रस्त्यावर पेटीने एक लांब, रडका, बेसूर हंबरडा फोडला.

सगळा बाजार खाली वाकला. मग कोणी तरी म्हणालं, "अरे यार, ये तो बाजा है!" आणि हसू फुटलं. आधी एकाला, मग पायऱ्यांवरच्या सगळ्यांना, मग पोलिसांना. जाड पोशाखातला माणूस हेल्मेट काढून रस्त्यावरच बसला आणि हसत राहिला. आई हसत होती. तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मी सरदारजींच्या बायकोचा हात सोडवून पळत गेले आणि तिच्या कमरेला मिठी मारली, तर तिचं सगळं अंग हसण्याने हलत होतं.

इन्स्पेक्टर मात्र चिडला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. "पढ़े-लिखे लोग हैं आप. माहौल नहीं देखते? ऐसे छोड़ के कैसे चले गए?"

पप्पा पुढे झाले. मान खाली घालून म्हणाले, "जी, हम प्रार्थना कर रहे थे."

"किस बात की?"

"सुरक्षा की."

परत एकदा सगळा बाजार हसला. इन्स्पेक्टरच्याही मिशा हलल्या. तो म्हणाला, पेटी तुमचीच आहे हे दाखवा, वाजवा. पप्पांनी पेटी उचलून आणली आणि आईकडे पाहिलं. मग आईच बाकावर बसली. पेटी मांडीपुढे घेतली. पडल्यामुळे मधला एक सूर गेला होता, तिथे नुसती हवा यायची. आईने तो सूर टाळत नाताळचं एक जुनं गाणं धरलं, मराठी, आमच्या गच्चीवर दर वर्षी म्हणतात ते. कोणाला शब्द कळत नव्हते. पण कोणी जागचं हललं नाही. शटरं एकेक करून वर गेली. शेंगदाणेवाल्याने विझत आलेली शेगडी पुन्हा फुंकली. एका बाईने पिशवी खाली ठेवून डोळे पुसले आणि या वेळी त्या पिशवीकडे कोणी वळून बघितलं नाही. घाबरून कुडकुडलेला तो रस्ता माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा बाजार झाला. मी आजवर मोठमोठ्या चर्चमधली गाणी ऐकली, पण तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने माझी वेणी घातली आणि म्हणाली, "चल." कुठे ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. बटणांच्या दुकानासमोरचा फुटपाथ पुन्हा भरला होता. बांगडीवालीच्या जागी एक म्हातारी बसली होती, पुढ्यात तशाच काचेच्या बांगड्या. आई तिच्यासमोर खाली बसली.

"यहाँ जो बैठती थीं..."

"मेरी बहू थी," म्हातारी म्हणाली.

"उनका नाम क्या था?"

"रेशमा."

आईने ते नाव तोंडातल्या तोंडात म्हटलं. इतकी वर्षं तिच्याकडून बांगड्या घेतल्या, पण नाव कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "अम्मा, मैंने उनसे कहा था, अभी आती हूँ. आज आई हूँ."

दोघींपैकी कोणी रडलं नाही. रस्त्यावर रिक्षांचा कलकलाट चालू होता. थोड्या वेळाने म्हातारीने माझ्याकडे हात पुढे केला. "लाओ बिटिया, हाथ का नाप दो." तिने माझी बोटं एकत्र दाबली, अंगठा आत दुमडला, आणि बांगड्या अशा सरकवल्या की मला दुखलंसुद्धा नाही. तिची बोटं गार आणि खरखरीत होती. त्या बांगड्यांची किणकिण घरी येईपर्यंत आमच्याबरोबर चालत होती.

त्या संध्याकाळी खोबरं आलं. नाताळची सभा आमच्याच गच्चीवर झाली. येणार नाहीत असं वाटलेलेही आले, कारण पेटीची गोष्ट सगळीकडे पोचली होती आणि लोकांना पप्पांना चिडवायचं होतं. काका आले ते खजील होऊन. त्यांनी आईला साक्षीचं काही विचारलं नाही. प्रार्थना झाली, गाणी झाली, आणि मग आई आपणहून उठून उभी राहिली. गच्चीवरच्या मेणबत्त्या वाऱ्याने थरथरत होत्या. तिचा आवाज मात्र स्थिर होता.

"त्या दिवशी मी वाचले," ती म्हणाली. "का वाचले, मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. माझ्याबरोबर एक बाई होती. तिचं नाव रेशमा. मी तिच्यापासून पुढे गेले आणि ती गेली. मी इतके दिवस देवाशी भांडत होते, की तू माझ्याबरोबर पुढे आलास आणि तिला एकटं का सोडलंस? परवा रस्त्यावर उभी होते, पुढे काय होणार याची हमी नव्हती. तेव्हा मला कळलं, की माझं चुकत होतं. तो माझ्याबरोबर पुढे आला नव्हता. तो तिच्यापाशी थांबला होता. ज्याने स्वतः खिळे सोसले, तो वाचणाऱ्यांबरोबर निघून जात नाही, पडणाऱ्यापाशी थांबतो. मी एकटीच पळून घरी आले आणि दार लावून घेतलं, म्हणून मला एवढी भीती वाटत होती. आता मी तिथे जाऊन आले. तो तिथेच होता. एवढीच माझी साक्ष."

कोणी आमेन म्हणेना. म्हणायचं की नाही, हेच कोणाला समजेना. मग शांतवनकाका उठले. त्यांनी कानटोपी काढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभो, रेशमा. आणि तिच्या घरचे." एवढंच म्हणून ते खाली बसले. तेव्हा सगळी गच्ची एकदम आमेन म्हणाली. खाली सरदारजींच्या खिडकीचा दिवा लागला. पप्पांनी भाता धरला, आईने सूर धरला, आणि बाकीचे नेहमीसारखे तिच्या मागे फरफटत आले, पण काय जोराने आले. मधल्या एका सुराच्या जागी पेटीतून फक्त हवा यायची, तिथे आम्ही मुलं जास्त मोठ्याने ओरडून घ्यायचो. थंडी होती, धुकं होतं, शहर अजून घाबरलेलंच होतं, आणि आम्ही करोल बागेच्या डोक्यावर उभे राहून गात होतो.

त्यानंतर या शहराने आणखी पुष्कळ पाहिलं. दंगे पाहिले, धूर पाहिला, श्वास महाग झाला ते दिवस पाहिले. पप्पा गेले, काका गेले. ती मंडळी द्वारका, नोएडा, गुडगाव अशी पांगली. आई आता माझ्याकडे असते. गुडघे कुरकुरतात, ऐकायला कमी येतं. पण शहरावर काही आलं, की लोक आजही तिला फोन करून विचारतात, बाई, तुम्हाला भीती नाही का वाटत? ती म्हणते, "वाटते ना. पण दार लावून वाटण्यापेक्षा, त्याच्याजवळ जाऊन वाटलेली बरी." आणि खरंच ती जाते. कोणाच्या घरी ताप असो, कोणाचं माणूस गेलेलं असो, बाकीचे जाऊ का नको करत असतात तोवर ही बाई रिक्षात बसलेली असते.

परवा गल्लीच्या तोंडाशी उभी असताना मला तिचा आवाज ऐकावासा वाटला. मी फोन लावला. हवा त्या दिवशी इतकी वाईट होती, की शाळा बंद ठेवल्या होत्या आणि म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये असं सकाळपासून सगळे सांगत होते. खूप वेळ वाजल्यावर तिने उचलला. मागे गलका होता, कोणी तरी कण्हत होतं, कोणी नर्सला हाक मारत होतं.

"आई, घरी आहेस ना?"

"छे," ती म्हणाली. "मी वॉर्डात आहे. खालच्या मजल्यावरच्या मिश्राबाईंना रात्री दम लागला, त्यांचं इथे कोणी नाही. तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस."